हृदयाची चिठ्ठी

वाचकहो, ऐन दिवाळीत नाडीची गोष्ट काढतो म्हणून रागावू नका. आमचे वडीलबंधू लासूर स्टेशनला राहतात. परवा कांद्याच्या बाजारातून स्टेशनापर्यंत माझ्याबरोबर चालताना ते दोनदा थांबले. ‘‘वय झालं रे,’’ म्हणाले. पण पावलांवर सूज होती. चपलेचे पट्टे रुतले होते. मी काही ऐकले नाही. गाडीत बसवून त्यांना थेट संभाजीनगरला डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर म्हणाले, ‘‘रक्तातला हृदयाचा हार्मोन तपासू.’’ दादा हसले, ‘‘अहो, हृदय म्हणजे पंप. त्यातून कसला रस पाझरायचा?’’

शंका रास्त होती. हृदयाला एक मज्जातंतू टाच मारतो, दुसरा, म्हणजे व्हेगस, लगाम खेचतो. व्हेगसचा हा निरोप एक रसायन पोचवते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखवले. तरी हुकूम मेंदूचा आणि ताबेदारी हृदयाची, असाच समज होता. मग १९८१ साली कॅनडात अडोल्फो दि बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तो लघवीवाटे मीठ-पाणी भराभर बाहेर पडू लागले. म्हणजे हृदयही चिठ्ठ्या धाडते!

कप्पे ताणले की चिठ्ठी सुटते. मूत्रपिंडाला ती सांगते, पाणी काढ. रक्तवाहिन्यांना सांगते, सैल व्हा. रक्तदाब उतरला की एरवी हृदय धावू लागते. पण हा हार्मोन व्हेगसचा हात बळकट करतो आणि नाडी तितकी वाढत नाही. चाकरच धन्याचा हात धरतो म्हणा ना!

रक्तात तपासतात ते याच हार्मोनचे भावंड. दादांचा आकडा चढलेला निघाला. मी विचारले, ‘‘चिठ्ठ्या एवढ्या, मग नाडी का पळते?’’

‘‘थकलेल्या हृदयाच्या चिठ्ठ्यांना पुढे कोणी दाद देत नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘टाच मारणाराच जोर करतो.’’

आता गोळ्या चालू आहेत, सूज उतरली आहे. यंदा शेव-चिवड्याचा डबा वहिनींनी कुलपात ठेवला आहे; दादा रुसले आहेत. रुसू देत! पण तुमच्या घरी कोणी धापा टाकीत ‘वय झालं’ म्हणाले, तर मान डोलावू नका. हृदयाने चिठ्ठी केव्हाच धाडलेली असते. वाचणारा माणूस घरात हवा.