समजून घ्या : बँकेचा सर्व्हर डाऊन, तरी चहाचे पैसे कसे जातात?

चहाचे 10 रुपये असोत की घरभाड्याचे 10 हजार, साध्या यूपीआय व्यवहारात दोन्हींचा मार्ग एकच. पिन टाकला की एनपीसीआयमार्फत तुमच्या बँकेच्या मुख्य प्रणालीकडे विचारणा होते, तिथून पैसे वजा होतात आणि मग समोरच्याच्या खात्यात जमा होतात. साखळीतील एक सर्व्हर अडला, तरी स्क्रीनवर 'पेमेंट पेंडिंग'.

नेमके काय बदलले?

सप्टेंबर 2022 मध्ये आलेल्या यूपीआय लाइटने छोट्या रकमांसाठी ही रचनाच बदलली. पैसे आधीच फोनमधील वॉलेटमध्ये भरायचे. खर्च करताना रक्कम तिथूनच वजा होते. तुमच्या बँकेची मुख्य प्रणाली त्या क्षणी मध्ये येत नाही. म्हणूनच पिन लागत नाही आणि पासबुकात प्रत्येक चहाची नोंदही होत नाही.

मग धोका कुठे?

पिन नसल्याने अनलॉक केलेला फोन दुसऱ्याच्या हाती लागला, तर पैसे जाऊ शकतात. त्यामुळे रकमेला मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2024 मध्ये ती वाढवून एका व्यवहारासाठी 1,000 आणि वॉलेटमध्ये एकूण 5,000 रुपये केली. वॉलेट त्याच फोनशी जोडलेले असते. फोन बदलण्यापूर्वी शिल्लक रक्कम खात्यात परत घ्या.