परदेशातले सत्र आणि आपला वर्ग

गणिताच्या पदवीचे एक सत्र परदेशात काढावे, ही इच्छा आता आपल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यातही येऊ लागली आहे. खर्च, व्हिसा, राहण्याची सोय यांची चौकशी ते स्वतः करतात. तिथे गणिताचे नेमके काय होते, हे मात्र शिक्षकाने सांगायला हवे. त्यासाठी बुडापेस्टचे उदाहरण पाहण्याजोगे आहे.

पॉल एर्डॉश, लास्लो लोवास आणि वेरा शोश यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये ‘बुडापेस्ट सेमिस्टर्स इन मॅथेमॅटिक्स’ हा उपक्रम सुरू झाला. मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी एका सत्रासाठी यावे, हंगेरियन गणितज्ञांकडून इंग्रजीत शिकावे आणि मिळवलेले श्रेयांक आपल्या विद्यापीठात जमा करावेत, अशी ही योजना. हंगेरीत तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. तरीही विद्यार्थी आले, कारण तिथले कॉम्बिनेटोरिक्स आणि संख्या सिद्धांत जगात नावाजलेले होते.

या उपक्रमातल्या ‘कंजेक्चर अँड प्रूफ’ या अभ्यासक्रमाची व्याख्याने मिक्लोश लात्स्कोविच यांनी पुढे पुस्तकरूपात आणली. आकृतीचे तुकडे करून दुसरी आकृती जुळवता येते का, हा त्यातला एक विषय. वर्तुळाच्या चकतीचे मर्यादित संख्येचे तुकडे करून तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस जुळवता येईल का, असे तार्स्की यांनी १९२५ मध्ये विचारले होते. येतो, हे १९९० मध्ये सिद्ध केले ते लात्स्कोविच यांनीच. म्हणजे प्रश्नाशी स्वतः झुंजलेला माणूस तो प्रश्न पदवीच्या मुलांपुढे मांडत होता. अशा वर्गात सिद्धता फळ्यावर तयार येत नाही. आधी उदाहरणे सोडवायची, अटकळ बांधायची, ती कोसळली तर का कोसळली ते शोधायचे.

ही रीत एका सत्रात उभी राहिलेली नाही. शालेय विद्यार्थ्यांसाठी अवघड उदाहरणे छापणारे ‘केमाल’ हे मासिक हंगेरीत १८९४ पासून आहे, आणि प्रसिद्ध एओटव्होश स्पर्धाही त्याच वर्षीची. उत्तरे पाठवणाऱ्या मुलांची नावे हे मासिक छापत आले. परदेशी विद्यार्थी काही महिन्यांत जे अनुभवतो, त्यामागे एवढी जुनी मशागत आहे.

म्हणून जाऊ इच्छिणाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. रिअल अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्राचा पहिला अभ्यासक्रम पक्का झाल्याशिवाय जाऊ नये. नाहीतर सत्र पाया भरण्यातच जाते. कोणत्या विषयाचे श्रेयांक कशाच्या बदल्यात धरले जाणार, हे निघण्यापूर्वी विभागाकडून लेखी घ्यावे. आणि आपण शिफारसपत्र लिहिताना गुणांची टक्केवारी न उगाळता, न सुटणाऱ्या उदाहरणावर हा विद्यार्थी काय करतो, ते लिहावे.

बहुसंख्य विद्यार्थ्यांना मात्र हे सत्र परवडणारे नाही. त्यांच्यासाठी देशातच वाट आहे. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘एमटीटीएस’ या उन्हाळी प्रशिक्षणात विद्यार्थ्याला प्रश्न विचारत, त्याच्याकडूनच सिद्धता घडवून घेतली जाते. दुसऱ्या संस्थेत मिळवलेले श्रेयांक जमा करण्यासाठी २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सही उपलब्ध आहे. तिचा उपयोग करून आपल्याच दोन विद्यापीठांच्या गणित विभागांनी विद्यार्थ्यांची एका सत्रापुरती देवाणघेवाण का करू नये?

तेही जमेपर्यंत निदान एक बदल आपल्या हाती आहे. येत्या सत्रात आठवड्याचा एक तास अभ्यासक्रमाबाहेर न जाता उदाहरणांसाठी राखावा आणि त्या तासाला खडू विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. प्रमेयाचे विधान आपण सांगू नये. ते वर्गाने शोधावे. या तासांत काय घडले, काय फसले, हे आमच्याकडे लिहून पाठवा. त्यातली उदाहरणे आम्ही या मासिकात छापू.