हात हलण्याआधी काय होतं?

दोस्तांनो, आज आधी प्रयोग आणि मग गप्पा! एक जाडजूड पुस्तक घ्या. डावा हात कोपरात वाकवून पुढे धरा, तळहात वर करा आणि त्यावर पुस्तक ठेवा. आता डोळे मिटा आणि ताईला किंवा मित्राला सांगा, "तुला वाटेल तेव्हा पुस्तक पटकन उचल." काय झालं? तुमचा डावा हात टुणकन वर उडाला ना? आता तेच पुस्तक तुम्हीच उजव्या हाताने उचला. या वेळी डावा हात जवळजवळ जागच्या जागी राहील.

पुस्तक तेच, हातही तोच. मग फरक कशाने पडला? ताई पुस्तक कधी उचलणार, हे मेंदूला ठाऊक नव्हतं. पण तुम्ही स्वतः उचललंत तेव्हा मेंदूने उजव्या हाताला हुकूम देतानाच डाव्या हाताच्या स्नायूंनाही कळवलं, "ओझं जाणार आहे, जोर कमी करा!" म्हणजे हालचाल होण्याआधीच तिचा बेत मेंदूत तयार असतो, बरं का!

हे काम चालतं कुठे? केसांना लावायचा हेअरबँड आठवा. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तो जिथे बसतो, साधारण तिथेच, कवटीच्या आत, हालचालींचे हुकूम सोडणारा पट्टा असतो. १८७० साली जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूतल्या या भागाला विजेचा सौम्य झटका दिला, तर त्याचा पाय हलला. आणि तोही विरुद्ध बाजूचा! आपलंही तसंच आहे. मेंदूचा डावा भाग उजवा हात हलवतो आणि उजवा भाग डावा.

पुढे कॅनडातल्या माँट्रियल शहरात डॉ. पेनफिल्ड फेफऱ्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून रुग्ण जागा ठेवता येई. ते पट्ट्यावर ठिकठिकाणी हलका विद्युतप्रवाह देत. इथे दिला की अंगठा हलायचा, तिथे दिला की ओठ. असा नकाशाच तयार झाला आणि १९३७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात बोटं, ओठ आणि जीभ यांना भरपूर जागा आहे, पाठीला मात्र अगदी थोडी. बरोबरच आहे, लिहिणं आणि बोलणं ही नाजूक कामं पाठीला थोडीच करायची असतात?

या पट्ट्याच्या पुढचे भाग बेत आखतात. १९६५ साली जर्मनीतल्याच कॉर्नह्युबर आणि डीके यांनी दाखवून दिलं की, आपण मनाने बोट हलवतो त्याच्या सुमारे एक सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल वाढू लागते. मागच्या बाजूचा लहान मेंदू चुका दुरुस्त करतो. सायकल शिकताना सुरुवातीला धडपडणारे आपण नंतर झोकात जातो, ते त्याच्याच कृपेने.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पक्षाघात झालेल्या आजोबांचा हात हलत नाही, तेव्हा हाताची हाडं आणि स्नायू शाबूत असतात. बिघाड वर, मेंदूत झालेला असतो. तिथली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. म्हणून हाताला तेल चोळत बसू नका. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर धरवेना किंवा बोलणं एकाएकी अडखळू लागलं, तर घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि लगेच मोठ्यांना सांगा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. ते द्यायचं की नाही, हे तपासणी करून डॉक्टर ठरवतात. पण त्यासाठी दवाखान्यात वेळेवर पोचायला हवं ना?

आणि नंतर? मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण सरावाने मेंदूचे शेजारचे भाग त्यांचं थोडंफार काम शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. म्हणून आजोबा सदऱ्याचं बटण लावायला दहा मिनिटं घेत असतील, तर घाईने पुढे होऊन ते लावून देऊ नका. शेजारी बसा, जमलं की शाबासकी द्या. आजोबा त्या वेळी नुसतं बटण लावत नसतात, मेंदूला नवा धडा गिरवायला लावत असतात!