अठरा हजारांचा डायोड

ही एका चुकीच्या अ‍ॅडॉप्टरची गोष्ट आहे. माझ्या मूर्खपणाची म्हणा ना.

घरच्या जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. टेबलाखालच्या वायरींच्या गुंत्यातून मी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा उचलला. पिन बरोब्बर बसली. टक् असा आवाज, थोडा जळका वास, आणि डिस्क गार! आत बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले व्हिडिओ होते. दुसरी कॉपी? नाही. ऑफिसात ज्युनियर पोरांना बॅकअपवर लेक्चर देणाऱ्या माणसाच्या घरी ही बोंब. असो.

एका चकचकीत डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. टायवाला म्हणाला, "सर, सर्किट लेव्हलचं क्रिटिकल काम आहे. डेटा इज प्राइसलेस, यू नो." पाच दिवस आणि १८,००० रुपये. आई शेजारी बसली होती. मी मुकाट्यानं कार्ड स्वाइप केलं. अडला हरी, दुसरं काय?

डेटा मिळाला. सगळाच्या सगळा. तेव्हा तक्रार ती नाहीच.

जुनी डिस्क परत आली तेव्हा सहज उलटी करून पाहिली. खालच्या हिरव्या लॉजिक कार्डावर निळ्या मार्करनं एक नंबर टाकलेला, आणि पॉवरच्या सॉकेटजवळचा एक छोटासा काळा पार्ट काढून टाकलेला. बाकी काही बदललेलं नव्हतं. दोन महिन्यांनी एका स्विचसाठी तपकीर गल्लीत गेलो होतो. तिथं एका काकांच्या टेबलावर लॉजिक कार्डांची रांग, आणि प्रत्येकावर तसाच निळा नंबर. विचारलं.

"हो, डेटावाल्यांचीच आहेत. डायोड असेल तर साडेतीनशे. चिप बदलायची असेल तर हजार-बाराशे."

मी माझा आकडा सांगितला. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्यांना भाडं जास्त पडत असेल हो."

मित्रांना हे सांगितलं तर सगळे एका सुरात ओरडले, "फ्रॉड! काम बाहेर दिलंच कसं?" इथं माझं त्यांच्याशी भांडण आहे. मंडळी, आपण कोण? ज्यांची घरं, गाड्या आणि ईएमआय आउटसोर्सिंगवर चालतात ते लोक. कुणीतरी दूरवरच्यानं आपलं काम आपल्याला स्वस्तात करायला दिलं, म्हणून आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभे आहोत. तेव्हा काम बाहेर देणं हे पाप आहे, असं निदान आपण तरी म्हणू नये.

उलट हे काम काकांकडेच जायला हवं. माझ्या डिस्कला झालं होतं काय? पॉवर लाइनवर एक टीव्हीएस डायोड असतो. व्होल्टेज वाढलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढच्या चिपला वाचवतो. फ्यूजचा चुलतभाऊ समजा. तो शॉर्ट झाला की डिस्क फिरतच नाही. दुसरं काही जळलं नसेल, तर तो काढल्यावर डिस्क पुन्हा चालू होते. मग संरक्षण राहत नाही, म्हणून लगेच डेटा उतरवून घ्यायचा. ज्याचा हात रोज सोल्डरिंगवर चालतो, त्याच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे.

"पण माझा प्रायव्हेट डेटा गल्लीत गेला ना?" नाही गेला. डेटा असतो आतल्या तबकड्यांवर. कार्ड चार-सहा स्क्रू काढले की वेगळं होतं आणि त्यावर तुमचे फोटो नसतात. त्यावर असते रॉम, आणि तिच्यात त्या एका डिस्कच्या हेडची वगैरे कॅलिब्रेशन. म्हणून तर हल्लीच्या डिस्कला त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड नुसतं लावून भागत नाही. रॉमची चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या कार्डावर न्यावा लागतो. खरा धोका इथं आहे. घाईत ती चिप जळली किंवा हरवली, तर साडेतीनशेच्या कामात अख्खी डिस्क अडकते.

मग माझा राग कशावर? लपवण्यावर, आणि "प्राइसलेस" या शब्दावर.

हेड खराब झाले असतील, डिस्क टकटक करत असेल, तर ती उघडायला स्वच्छ हवेची खोली लागते, जुळणारी डोनर डिस्क लागते, महागडी यंत्रं लागतात. त्याचे पैसे घ्या, बिनतक्रार देतो. निदान करायचे, डेटा उतरवायचे, जोखमीचे आणि हो, भाड्याचेही घ्या. पण डायोडच्या कामाला तबकडीच्या कामाचा भाव? माझ्या बाबांचे व्हिडिओ अमूल्य आहेत हे मला ठाऊक आहे. ती तुमची रेट लिस्ट कशी झाली? २००९ साली सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ डिस्क फर्मवेअरच्या दोषानं एकाएकी बंद पडत होत्या. आतला डेटा शाबूत, फक्त दार बंद. घरबसल्या लोकांनी साधी सिरियल केबल जोडून त्या उघडल्या. त्या डेटाची किंमतही त्यांना लाखमोलाचीच होती, पण काम केबलीएवढंच होतं. भाव कामाचा असतो, गरजवंताच्या रडवेल्या चेहऱ्याचा नाही.

आपल्या कंपन्या क्लायंटला निदान करारात सांगतात की काम कुठं होणार, कोण करणार. मला पाच दिवस "आमची लॅब" ऐकवली गेली.

म्हणून डिस्क गेली की हे विचारा. बिघाड कार्डाचा की आतला, हे आधी लेखी सांगा. कार्डाचं काम आणि डेटा उतरवण्याचं काम, दोन्हींचे दर वेगळे दाखवा. कार्ड बाहेर जाणार असेल तर जाऊ दे, पण मला सांगून. आणि शक्य असेल तिथं आधी रॉमची कॉपी काढून. डिस्क मात्र माझ्या सहीशिवाय हलणार नाही. यावर समोरचा नुसतं "प्राइसलेस" म्हणाला, तर डिस्क उचलायची आणि निघायचं.

मी काय केलं? त्या दिवशी मी काकांना म्हटलं, "अठरा हजारांतले साडेतीनशेच मिळाले तुम्हाला." ते म्हणाले, "आधी सांगा, व्हिडिओ निघाले ना सगळे? आम्हाला कुणी कळवतच नाही." कार्ड दुरुस्त होऊन जातं, पुढं डिस्क फिरली की नाही हे त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नाही.

मी फोनवर बाबांचा एक व्हिडिओ लावून दाखवला. काकांनी चष्मा वर करून तो शेवटपर्यंत पाहिला.

आता घरी दोन कॉपी आहेत, आणि १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर लाल टेप. :)