दहा हजार लुमेनची थाप

सायकलच्या पुढच्या दिव्याच्या खोक्यावर ‘१०,००० लुमेन’ छापणारा खोटं बोलतो. तेच खोकं काउंटरवर ठेवून सातशे रुपये घेणारा दुकानदार खोटं बोलतो. आणि ‘घे रे, जबरदस्त फोकस आहे’ म्हणून तो दिवा मित्राच्या गळ्यात मारणारा सायकलवाला या खोट्याचा फुकटचा एजंट आहे. अंधेरी स्टेशनबाहेरच्या फुटपाथपासून मोबाइलवरच्या दुकानांपर्यंत हाच माल भरलेला आहे, आणि आपण तो मुकाट्याने विकत घेतो, कारण आकडा मोठा आहे आणि किंमत लहान.

हिशेब आठवीतल्या मुलालाही जमेल. या दिव्यांत बहुधा एक १८६५० सेल असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. नावाजलेल्या कंपन्यांचा या मापाचा उत्तम सेल साधारण ३,५०० एमएएचचा. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की साडेबारा वॅट-अवर होतात. भिंग आणि सर्किटमधली गळती धरली तर चांगला एलईडी वॅटमागे शंभरेक लुमेन देतो. म्हणजे ५०० लुमेनला पाच वॅट लागतात आणि दिवा अडीच तास चालतो. १०,००० लुमेनला शंभर वॅट लागतील. सेल सात-आठ मिनिटांत संपेल, आणि मुळात एवढा करंट तो देऊच शकणार नाही. शिवाय त्या शंभरातले निम्म्याहून जास्त वॅट नुसती उष्णता होणार. मुठीएवढ्या डबीत दोन सोल्डरिंग आयर्न एकदम तापवण्यासारखं ते झालं. खोक्यावरचा आकडा अशक्य आहे, एवढंच.

असा एक दिवा घाटकोपरच्या एका मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर मी उघडून घेतला. एलईडीची पट्टी बाहेरच्या ॲल्युमिनियमला एका कोपऱ्यात फक्त टेकलेली, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट नाही, गोंदाचा एक थेंब आहे. सेलवर ‘९,९०० एमएएच’ छापलेलं. या मापाच्या कोणत्याही सेलची एवढी क्षमता नसते. सेल काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम. खऱ्या सेलचं वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान असतं. जास्त चार्ज झाल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर वीज तोडणारं संरक्षक सर्किट शोधलं, ते नव्हतंच. आणि ही वस्तू आपल्याकडचे लोक रात्री वन-आरकेमध्ये गादीशेजारी, झोपलेल्या मुलांच्या उशाशी चार्जिंगला लावतात. लिथियम सेल पेटला की त्याचं काय होतं हे प्रत्येकाने बातम्यांत पाहिलं आहे. दिवा अंधारात मध्येच विझला तर गुडघा फुटेल. सेल घरात पेटला तर घर जाईल. म्हणून माझा राग आधी सेलवर आहे, लुमेनवर नंतर.

प्रामाणिक कंपन्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. टॉर्च मोजण्याची जी एएनएसआय एफएल१ पद्धत आहे, तिच्यात उजेड दिवा लावल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच मोजतात, आणि ‘चालण्याचा वेळ’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे खोक्यावर ‘१,००० लुमेन, ३ तास’ असं असलं तरी तिसऱ्या तासाला तुमच्या पुढच्या चाकावर शंभर लुमेन पडलेले असू शकतात. हे खोटं नाही, पण उतारावर असणाऱ्याला ते सांगायला हवं. उजेड वेळेनुसार कसा घसरतो याचा आलेख जी कंपनी छापते तिचा दिवा घ्या. छापत नाही तिला ईमेल करून मागा.

मग घ्यायचं काय? दीड-दोन हजारांत मिळणारा, खरोखर ५०० ते ८०० लुमेनचा दिवा रानवाटेला पुरतो. वेगाने उतरणाऱ्यांना हजार लागतील. त्यापुढचा पैसा सेलवर घाला. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: वॅट-अवर किती? उत्तर आलं नाही तर दुकान सोडा. सेलवर आयएस १६०४६ आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा, लिथियम सेलना ही नोंदणी आपल्याकडे सक्तीची आहे. सेल बाहेर काढता येणारा असेल तर उत्तम, दोन वर्षांनी तेवढाच बदलता येतो. चार्जिंगचं भोक टाइप-सी असावं आणि त्यावरचं रबरी झाकण घट्ट बसावं, कारण आपल्याकडे चार महिने पाऊस आहे. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. जुलैत माथेरानच्या बाजूला जायचं असेल तर आयपीएक्स६ मागा. दिवा नुसत्या रबरी पट्ट्यावर बांधून दगडांतून जायला निघू नका. दिवा खाली वळतो, तुम्ही तो सरळ करायला एक हात सोडता, आणि नेमका तेव्हाच खड्डा येतो.

दिवा हँडललाच लावा. हेल्मेटवरचा दिवा डोळ्याच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे दगडांच्या सावल्या तुम्हाला दिसतच नाहीत. सगळी वाट सपाट वाटते. हँडल खाली असतं, म्हणून प्रत्येक मुळीची, प्रत्येक धोंड्याची सावली पडते आणि वाटेचा चढउतार कळतो. पावसात आणि धुक्यात तर डोक्यावरचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो. हेल्मेटला हवाच तर दुसरा, छोटा दिवा, वळणापलीकडे बघण्यापुरता. आणि निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा थोडा पिवळट उजेड घ्या. ओल्या मातीतली मुळी त्यात वेगळी दिसते.

आणि आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. स्वस्त दिव्यांचा झोत गोल असतो, अर्धा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात घुसतो. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असणं बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२० च्या सरकारी आदेशाने सायकलला रिफ्लेक्टर सक्तीचे झाले, पण झोताबद्दल अवाक्षर नाही. आरेत रात्री नऊनंतर उभं राहून बघा. तिथे २७ आदिवासी पाडे आहेत. तिथली माणसं कामावरून पायी घरी येतात, हातात मोबाइलचा टॉर्च, कधी तोही नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तुमच्या झोताने तो सराव एका क्षणात मोडतो, आणि तुम्ही पुढे निघून गेल्यावर पायी घरी निघालेल्या बाईला आपल्याच पायाखालची वाट दिसत नाही. ज्या वाटांवर बिबट्या फिरतो त्या वाटांवर तुम्ही तिला आंधळी करून जाता. वर दिवा ‘फ्लॅश’वर ठेवणारे महाभाग आहेतच. रानवाटेवर फ्लॅश लावणं हा बेदरकारपणा आहे, त्याला दुसरा शब्द नाही. समोर माणूस दिसला की झोत हाताने झाकायचा किंवा खाली वळवायचा. एवढं ज्याला जमत नाही त्याने रात्री सायकल काढू नये.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अंधारात सायकल घालणाऱ्यांना मी कुठलाही दिवा सुचवणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय आत शिरणं गुन्हा आहे, आणि संध्याकाळनंतर ते रान बिबट्याचं आहे. ‘एक्स्प्लोअर’ करायला गोराई-उत्तनच्या मातीच्या वाटा आहेत, पहाटे चारला मुलुंडहून निघालात तर बदलापूर-कर्जतचा सगळा पट्टा आहे.

राहिलं ते खोकं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटी जाहिरात ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कोणत्या देशात बनलं हे छापणं बंधनकारक आहे. ते नसेल तर ती वेगळी तक्रार. १९१५ वर फोन करा. विकणारा दाद देत नसेल तर मुंबई उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. सातशे रुपयांसाठी कोण खेटे घालणार, या आपल्या आळसावरच हा सगळा धंदा उभा आहे. तुमच्या ग्रुपमधल्या दहा जणांनी एकाच मालाच्या दहा तक्रारी करा. बिल जपून ठेवा, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा, आणि सेल काट्यावर ठेवून ग्रॅमचा आकडा स्पष्ट दिसेल असा एक फोटो तक्रारीला जोडा.