केसांचें गांव

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इटलींत तुरीन येथें राहतात. गेल्या आषाढांत आम्ही उभयतां त्यांजकडे गेलों असतां एका शनिवार-रविवारीं त्यांनीं आम्हांस डोंगरांत नेलें. आल्प्स म्हटला कीं आपल्याकडे स्वित्झर्लंडच डोळ्यांपुढें उभें राहतें. आम्ही गेलों तें मात्र तुरीनच्या दक्षिणेकडे, फ्रान्सच्या सरहद्दीस टेकलेलें माइरा नदीचें खोरें. हें नांव वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं ऐकलें असेल. खोऱ्याच्या वरच्या टोकाहून पलीकडे मोटारीचा रस्ता नाहीं, पायवाटाच काय त्या आहेत. येणारा आल्या वाटेनेंच परततो. त्यामुळें मोठीं हॉटेलें नाहींत, गर्दी नाहीं, आणि आमच्या वयास मानवेल अशी शांतता मुबलक आहे.

खोऱ्याच्या तोंडाशीं द्रोनेरो गांव आहे. तेथें १४२८ सालचा दगडी पूल असून त्यास ‘सैतानाचा पूल’ म्हणतात. आपल्याकडे असा पूल पांडवांनीं एका रात्रींत बांधला असता. तिकडे तें श्रेय सैतानास मिळालें. तेथून वळणें घेत घेत सोळाशें मीटरांहून उंच असलेल्या एल्वा या खेड्यास पोहोंचलों. या भागाची मूळ भाषा इटालियन नव्हे, ओक्सितान. होकारास तींत ‘ओक्’ म्हणत, त्यावरून हें नांव पडलें. आणि दान्तेनेंही या भाषांची वर्गवारी होकाराच्या शब्दावरूनच केली होती. आम्हांस लागलीच संस्कृतांतील ‘आम्’ आठवलें व आम्ही त्यावर बोलूं लागलों, परंतु श्रोत्यांस भूक लागली होती. १९९९ सालच्या कायद्यानें या भाषेस इटलींत संरक्षण मिळालें आहे, पण बोलणारे उरले पाहिजेत ना! एल्वांत आज बारमाही राहणारीं माणसें शंभरही नाहींत. तरुण मंडळी कारखान्यांच्या नोकरीसाठीं मैदानांत उतरलीं. नूतो रेवेल्ली नांवाच्या लेखकानें या डोंगरी शेतकऱ्यांच्या तोंडून त्यांच्या कहाण्या टिपून १९७७ सालीं ‘पराभूतांचें जग’ अशा अर्थाच्या नांवानें प्रसिद्ध केल्या. हें चिरंजीव सांगत होते. आमचें घरही त्याच वाटेनें रिकामें झालें आहे, पण तें आम्ही बोललों नाहीं.

भोजनास पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची उकड व चीज होतें. शेजारच्या वाटींतील कालवण सौ. घेणार तोंच त्यांत खारवलेले बारीक मासे असल्याचें कळलें. हे मासे हिवाळ्यांत गाड्यांवर घालून मैदानांतील गांवोगांव विकणें हा या खोऱ्यांतील लोकांचा जुना धंदा. एल्वाकरांचा धंदा त्याहूनही विलक्षण होता. ते केस विकत घेत.

या धंद्याचें एक लहानसें संग्रहालय गांवांत आहे. शेतें बर्फाखालीं गेलीं कीं पुरुष खालीं उतरत व गरीब घरांच्या दारांशीं जाऊन बायकांचे केस मागत. मोबदला म्हणून थोडे पैसे, नाहींतर कापडाचा तुकडा. कापलेली वेणी मिळाली तर उत्तमच. फणींत गुंतलेले केसही सोडीत नसत. मग ते धुवावयाचे, विंचरावयाचे, लांबीप्रमाणें निवडावयाचे, आणि परदेशांतील टोप करणाऱ्यांस विकावयाचे. पहिल्या महायुद्धानंतर आंखूड केसांची चाल आली, पुढें कृत्रिम केस निघाले, आणि धंदा बसला. चिरंजीव म्हणाले, “आतां हे केस आपल्याकडून येतात, तिरुपतीच्या केसांचा लिलाव होतो ना!” तें खरेंच आहे.

सौ. एका जुडग्यापुढें बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “अहो, माईंचे केस कोठें जात असत?”

माई म्हणजे आमच्या आजोबांच्या भगिनी. बाराव्या वर्षीं विधवा झाल्या. त्यानंतर साठ वर्षें आलवणांत, सोवळ्यांत, आमच्या घराच्या मागल्या खोलींत राहिल्या. दर पंधरा दिवसांनीं न्हावी परसांत येई. त्यास बोलावून आणण्याचें काम आमच्याकडे होतें, व त्याबद्दल माई स्वतः आम्हांस गुळाचा खडा देत. काम आटोपल्यावर त्या विहिरीवर स्नानास जात. खालीं पडलेले केस कोणी झाडले, कोठें टाकले, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. पुढें शाळेंत चाळीस वर्षें ‘मेघदूत’ शिकविलें, यक्षपत्नीच्या वेणीवर तास घालविले, तरीही हा प्रश्न आमच्या मनांत आला नव्हता. या डोंगरांतील व्यापारी निदान कापडाचा तुकडा देत असत.

सौ.नीं दुसरा प्रश्न मोटारींत विचारला. “कसे होते हो त्यांचे केस? दाट असतील ना?”

आम्हांस सांगतां आलें नाहीं. ज्यांनीं पाहिले होते त्यांपैकीं आज कोणीही हयात नाहीं. घरीं परतल्यावर जुनी पेटी उघडून माईंचा एकुलता एक फोटो काढला. त्यांत पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे.