पणजोबांची पदकं मोडीत घालू नका

दिवाळीची साफसफाई, भावाभावांची वाटणी, जुनं घर पाडणं: पलटणीतून आलेल्या वस्तू घराबाहेर जातात त्या बहुधा अशाच वेळी. सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, नगर इथल्या कितीतरी ट्रंकांमध्ये पहिल्या महायुद्धाची पदकं अजून पडून आहेत. त्यांतलं एक खऱ्या चांदीचं असतं, घोडेस्वाराचं चित्र असलेलं. सराफाकडे पहिलं जातं ते तेच. जोडीचं कांस्याचं, पंख असलेल्या बाईचं पदक पितळ समजून पोरांना खेळायला दिलं जातं.

विकायचं की ठेवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, पण त्याआधी पदकाची कड वाचा. भिंग नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. तिथे इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५च्या ताऱ्यावर हीच माहिती पाठीमागे असते. नाव कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं उतरलंय, कधी आडनावच नाही. म्हणून ‘हे आमचं नव्हे’ असं लगेच म्हणू नका. एकाच नावाचे अनेक शिपाई असत, तेव्हा खरा धागा नंबर आणि पलटणीचाच.

पलटणीवरून काळही कळतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे तीन आकडी क्रमांक मराठा पलटणींना होते ते १९२२ पर्यंत. त्या वर्षीच्या फेररचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या. कडेवर १०३, ११० किंवा ११७ दिसलं, तर मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्याची चौकशी करा. या तिन्ही पलटणी तिथे अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ला कूत शरण गेलं. महार रेजिमेंट १९४१ची. तिच्या टोपीवरच्या जुन्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी कट्यार आली. बिल्ला हाती असेल तर तेवढ्यावरूनही अंदाज बांधता येतो.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे एकाच साच्याचे. कुठल्या आघाडीचा ते मधल्या अक्षरांवरून कळतं, आणि अक्षरं झिजली असतील तर फितीवरून. इटलीची फीत लाल-पांढरी-हिरवी, ब्रह्मदेशाची गडद निळी, मधोमध लाल, बाजूंना नारिंगी. म्हणून मळलेली फीत फेकू नका, नवी तर मुळीच लावू नका.

इथे एक स्पष्ट बोलतो. यातली बहुतेक पदकं शौर्याची नाहीत, त्या मोहिमेत नोकरी केली म्हणून मिळालेली आहेत. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण आजोबांच्या पेटीत इटलीचा तारा निघाला म्हणून ते घाडग्यांच्या शेजारी लढले, असं स्मरणिकेत छापू नका. विशीतला पोरगा गाव सोडून इटलीच्या डोंगरांत गेला, एवढं सांगण्यासारखं नाही का?

चिंच, राख, ब्रासो यांपैकी काहीही लावू नका. दोन-तीन पिढ्या घासलं की कडेवरचं नाव पुसट होतं, मग उरतो नुसता धातू. सुती कापडात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. डिस्चार्जचे कागद, मोडीतली पत्रं, फोटो सगळं एकत्र असू द्या. वाटणीत एक पदक थोरल्याकडे, दुसरं धाकट्याकडे असं करू नका. कागद लॅमिनेट करू नका. ते पुन्हा सुटत नाहीत. मोडी वाचणारा गाठा. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव लिहा, आजी आहे तोवर.

ब्रिटानिया आणि सिंह असलेली बारा सेंटिमीटरची कांस्याची तबकडी घरात असेल तर जपा. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसांना मिळे. तिच्यावर हुद्दा नसतो, नुसतं नाव. ते नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत फुकट शोधता येतं. इराकमध्ये पडलेल्यांसाठी बसरा स्मारक, फ्रान्समध्ये पडलेल्यांसाठी नव शापेल. परत आलेल्यांबद्दल बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून विचारून बघा.

विकत घेणाऱ्यांनाही दोन शब्द. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात लंडनचं नाव कोरलेली पितळी दुर्बीण दिसली की ती नवीच समजा. ओतीव नकली पदकाची अक्षरं गुळगुळीत, पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा. खऱ्याची कड घासून नाव काढलेलं असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा. ट्रंकेत जुनी काडतुसं किंवा गोळा निघाला तर हात न लावता पोलिसांना बोलवा.

आणखी एक विनंती ग्रामपंचायतींना. या गावातून इतके जण १९१४च्या महायुद्धात गेले, पैकी इतके मेले, असा इंग्रजी मजकूर असलेला दगड तुमच्या गावात असेल तर त्यावर ऑइलपेंट मारू नका. त्या दगडांवर बहुधा आकडाच असतो, नावं नसतात. ती अजून घराघरांतल्या पदकांच्या कडेवर आहेत. ग्रामसभेत एकदा सगळ्यांना पदकं घेऊन बोलवा आणि वहीत उतरवून घ्या.